अपाय कोणाच्या खात्यावर?

१९८९ सालच्या एप्रिल महिन्यात औषधांच्या जगात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत हृदयरोग्यांवरची एक मोठी चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण जीव वाचावा म्हणून ज्यांना औषध दिलं होतं त्याच गटात मृत्यू जास्त होत होते. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला लंडनहून निघणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात न्यूझीलंडमधल्या काही संशोधकांचा लेख छापून आला. दम्यासाठी तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका इन्हेलरमुळे दमेकरी दगावत असावेत, असं त्या लेखाचं म्हणणं होतं. पहिली गोष्ट डॉक्टरांनी जड मनाने, पण लवकर मान्य केली. दुसरी मांडणाऱ्यांवर ते तुटून पडले. दोन्हीकडचे डॉक्टर सारखेच शिकलेले होते आणि रुग्णांची काळजी दोघांनाही होती. तरी असं का व्हावं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

‘डॉक्टर कंपन्यांना विकले गेलेत’ हे उत्तर हल्ली कुठेही ऐकू येतं. पैशाचा हात आहेच, त्याबद्दल पुढे बोलायचं आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर सगळ्यात अवघड भाग निसटतो. कमिशन न घेणारा, वाचन ठेवणारा, रात्री-अपरात्री उठून रुग्णाकडे जाणारा डॉक्टरसुद्धा औषधाच्या अपायाचा पुरावा नाकारतो. त्याचं नाकारणं समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण असे डॉक्टर संख्येने जास्त आहेत आणि लोकांचा विश्वास त्यांच्यावर आहे.

आधी अमेरिकेतली गोष्ट.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटवायचे, वायरी कमरेच्या छोट्या टेपरेकॉर्डरला जोडायच्या आणि त्याला चोवीस तासांसाठी घरी पाठवायचं, ही होल्टर तपासणी १९८०च्या दशकात तिथे रुळली होती. दुसऱ्या दिवशी टेप कागदावर उतरवली की एकसारख्या निमुळत्या टोकांची रांग दिसे, आणि तिच्या मधेच वेळेआधी आलेला एखादा रुंद, बेढब ठोका. असे अवेळी ठोके ज्यांच्यात वारंवार पडतात त्यांना अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो, हे तोवरच्या अभ्यासांतून कळलं होतं. मग फ्लेकेनाइड, एन्केनाइड ही औषधं आली. ती सुरू करून पुन्हा टेप काढली की बेढब ठोके जवळजवळ नाहीसे झालेले असत. डॉक्टरच्या डोळ्यांदेखत कागद साफ होई, आणि रुग्णालाही तो दाखवता येई. यापेक्षा ढळढळीत पुरावा आणखी कुठला हवा, असं वाटणं साहजिक होतं.

ठोके थांबले म्हणजे मृत्यूही टळले, ही मधली पायरी मात्र कोणी तपासली नव्हती. ती तपासण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने १९८७ मध्ये ‘कास्ट’ ही चाचणी सुरू केली. ज्यांचे अवेळी ठोके औषधाने दबतात असं आधी सिद्ध झालं होतं अशाच रुग्णांना चाचणीत घेतलं. म्हणजे औषधाला जिंकायला पुरती अनुकूल जमीन करून दिली होती. तरीही काही डॉक्टरांनी आपले रुग्ण द्यायला नकार दिला. त्यांचा आक्षेप नैतिक होता: इतकं गुणकारी औषध हाताशी असताना निम्म्या रुग्णांना औषध नसलेली गोळी कशी द्यायची?

सरासरी दहा महिन्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा खऱ्या औषधावरच्या ७३० रुग्णांपैकी ५६ मृत्यू पावले होते. औषध नसलेल्या गोळीवरच्या ७२५ पैकी २२. ऑगस्टमध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले.

हे आकडे एका डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर काय दिसतं? समजा, एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाकडे या औषधावरचे वीस रुग्ण आहेत. दहा महिन्यांत त्यांतले सरासरी दीड जण जातील. औषध दिलंच नसतं तर अर्धा-पाऊण माणूस गेला असता. दीड आणि अर्धा-पाऊण यांतला फरक कुठल्याही माणसाच्या लक्षात येणार नाही. तो कितीही हुशार असला, कितीही प्रेमाने रुग्ण पाहत असला तरी नाही. शिवाय जो गेला तो मुळात हृदयरोगीच होता आणि हृदय बंद पडूनच गेला. घरच्यांना आश्चर्य वाटलं नाही, डॉक्टरलाही नाही. उरलेले अठरा-एकोणीस जण साफ झालेला कागद घेऊन दर महिन्याला येत राहिले आणि डॉक्टरचे आभार मानत राहिले.

रुग्ण सुधारला की ते औषधाच्या खात्यावर जमा होतं, दगावला की आजाराच्या. ही नोंद कोणी लबाडीने करत नाही, ती आपोआप होते. आणि अशी खाती वर्षानुवर्षं लिहिली गेली की औषधाच्या पानावर निव्वळ नफा दिसू लागतो. ‘माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात मला कधी असं दिसलं नाही’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. दिसण्याची सोयच नव्हती.

या प्रकरणात आणखी एक बोचणारी गोष्ट आहे. ‘कास्ट’च्या किती तरी आधी, १९८० मध्ये, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला लॉर्केनाइड या त्याच जातीच्या औषधाची छोटी चाचणी झाली होती. औषध मिळालेल्या ४८ जणांपैकी नऊ दगावले, न मिळालेल्या ४७ पैकी एक. संशोधकांना वाटलं, हा योगायोग असावा. औषधाचा पुढचा विकास व्यापारी कारणांसाठी सोडून देण्यात आला आणि निष्कर्ष छापले गेले नाहीत. ते त्यांनी १९९३ मध्ये स्वतःहून छापले. हे आधीच प्रसिद्ध झालं असतं तर पुढच्या संकटाची आगाऊ सूचना मिळाली असती, असंही त्यांनी लिहिलं. वैद्यकाच्या इतिहासात इतकी सरळ कबुली क्वचित सापडते आणि ती आदराने वाचली पाहिजे.

‘कास्ट’नंतर एन्केनाइड बाजारातून गेलं. फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण ज्यांच्या हृदयाची रचना धडधाकट आहे अशा वेगळ्या रुग्णांसाठी. मूळ कल्पना मात्र लगेच सोडली गेली नाही. त्याच चाचणीत मोरिसिझिन हे तिसरं औषध पुढे चालू ठेवलं गेलं. औषध सुरू केल्यापासूनच्या पहिल्या दोनच आठवड्यांत ६६५ पैकी १७ मृत्यू झाले, औषधाविना ६६० पैकी तीन, आणि १९९१ मध्ये तेही थांबवावं लागलं. आकडे मान्य झाले तरी ज्या समजुतीने ते औषध दिलं जात होतं ती समजूत आणखी दोन वर्षं तग धरून राहते, हे यातून दिसतं.

दुर्मीळ अपायांच्या बाबतीत तर हा अंधार आणखी दाट होतो. आपल्याकडे विषमज्वराच्या रुग्णांना ज्या क्लोरॅम्फेनिकॉलने जीवदान दिलं, त्याने काही थोड्या लोकांच्या अस्थिमज्जेतलं रक्त तयार होणंच बंद पडतं, हे १९५२ मध्ये अमेरिकेत उघड झालं. प्रमाण साधारण पंचवीस ते चाळीस हजारांत एक. विषमज्वरात ही जोखीम पत्करण्यासारखी होती, सर्दी-घसादुखीत नव्हती. वेष्टनावर इशारा छापला गेला, खप काही काळ घसरला, आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा चढला. यामागचं गणित सोपं आहे. दहा हजारांत एकाला होणारा अपाय निदान एकदा तरी पाहायला मिळेल अशी पंच्याण्णव टक्के खात्री हवी असेल, तर तीस हजार रुग्णांना ते औषध द्यावं लागतं. वर्षाला तीनशे जणांना ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला त्यासाठी शंभर वर्षं लागतील. पंचवीस हजारांत एकाला होणारा अपाय तर त्याहूनही दूर.

जपानमधलं उदाहरण याहून विदारक आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे एक विचित्र आजार पसरला. पोटाच्या तक्रारी, मग पावलांपासून वर चढत जाणारी बधिरता, चालणं अवघड होणं, काहींची नजर जाणं. ‘स्मॉन’ या नावाने तो ओळखला गेला आणि दहा हजारांहून अधिक लोक त्यात सापडले. संसर्ग असावा या शंकेने शेजारीपाजारी रुग्णांना टाळत. संशोधक विषाणू शोधत राहिले. काही रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसे, लघवी हिरवी होई. १९७० मध्ये त्या हिरव्या रंगाचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा तो क्लिओक्विनॉल आणि लोह यांच्या संयोगाचा निघाला. क्लिओक्विनॉल म्हणजे जुलाब आणि आंव यांवरचं त्या काळचं घरोघरचं औषध. आजाराची सुरुवात पोटापासून होते म्हणून डॉक्टर रुग्णाला जे देत होते तेच आजाराचं कारण होतं, आणि पोट बिघडलेलं दिसलं की ते आणखी दिलं जात होतं. निइगाताचे प्राध्यापक त्सुबाकी यांनी हा संबंध दाखवून दिल्यावर सप्टेंबर १९७० मध्ये औषधावर बंदी आली आणि नवे रुग्ण जवळजवळ बंद झाले. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या श्रोत्यांना मेक्साफॉर्म आणि एंटेरोक्विनॉल ही नावं आठवत असतील. जपानच्या बंदीनंतरही अनेक वर्षं त्या गोळ्या आपल्या औषधांच्या दुकानात मिळत होत्या.

आता न्यूझीलंड. ही गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण नकाराच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा तिच्यात सापडतात.

१९७६च्या सुमारास या छोट्या देशात दम्याने तरुण माणसं मरू लागली. शेजारच्या ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडमध्ये इतकी वाढ दिसत नव्हती. कारणं शोधली गेली तेव्हा बोट बहुतेक रुग्णांकडे गेलं: दवाखान्यात उशिरा येतात, औषधं नीट घेत नाहीत. त्याच १९७६ मध्ये फेनोटेरॉल हे इन्हेलर तिथे आलं होतं आणि पाहता पाहता लोकप्रिय झालं होतं. त्याच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध असे. सर्वसाधारण साल्ब्युटामॉलच्या फवाऱ्यात १००. त्यातून हृदयावर होणारा त्याचा परिणामही जास्त. दम लागला की माणूस फवारा घेतो, नाही भागलं तर पुन्हा घेतो. मोठ्या झटक्यात तर त्याची मोजदादच राहत नाही.

जुना दाखलाही होता. १९६०च्या दशकात इंग्लंडसह काही देशांत दम्याच्या मृत्यूंची अशीच लाट येऊन गेली होती आणि आयसोप्रेनलीनच्या तीव्र मात्रेच्या इन्हेलरवर संशय होता. ब्रिटनमध्ये इशारे दिले गेले, चिठ्ठीशिवाय विक्री थांबली, मृत्यू उतरले. तरीही त्या लाटेचं कारण काय यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही आणि पुढच्या पिढीच्या डॉक्टरांना ‘तो जुना, न सुटलेला वाद’ एवढंच शिकवलं गेलं.

वेलिंग्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात ज्युलियन क्रेन, रिचर्ड बीझली, कार्ल बर्जेस आणि नील पीअर्स यांनी मोजायचं ठरवलं. पीअर्स डॉक्टर नव्हेत, साथरोगशास्त्रज्ञ. १९८१ ते १९८३ या काळात दम्याने गेलेल्या ११७ जणांची त्यांनी ४६८ इतर दमेकऱ्यांशी तुलना केली. फेनोटेरॉल लिहून दिलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट निघाला.

आक्षेप लगेच आला आणि तो बिनबुडाचा नव्हता. ज्यांचा दमा गंभीर, त्यांनाच डॉक्टर जोरकस औषध देतात. मग मृत्यू गंभीर दम्याचे आहेत, औषधाचे कशावरून? या प्रश्नाला उत्तर देण्याची एक सरळ रीत आहे. फक्त गंभीर रुग्ण वेगळे काढा आणि त्यांच्यातच तुलना करा. सगळा दोष आजाराच्या गांभीर्याचा असेल तर या गटात औषधाचा धोका गळून पडायला हवा. तो वाढला. ज्यांना आदल्या वर्षात दम्यासाठी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं त्यांच्यात तो दुपटीच्या वर गेला. जे त्याशिवाय तोंडाने स्टेरॉइड घेत होते, म्हणजे सर्वांत जास्त आजारी होते, त्यांच्यात तेरापटीच्या वर. गट लहान होता, त्यामुळे नेमक्या आकड्यावर वाद घालता येईल. पण कल उलट्या दिशेला नव्हता, आणि आक्षेप घेणाऱ्यांना तो उलट्या दिशेला असायला हवा होता.

तरी वादळ उठलं. लेख छापून येण्याआधीच कंपनीने परदेशी तज्ज्ञांची टिपणं मागवली होती. देशातल्या दमातज्ज्ञांपैकी अनेकांनी संशोधकांच्या पद्धतीवर, हेतूवर आणि अनुभवावर टीका केली. संशोधकांनी वेगळ्या वर्षांतल्या मृत्यूंवर, वेगळे तुलनागट घेऊन दुसरा आणि तिसरा अभ्यास केला, निष्कर्ष तोच. अखेर डिसेंबर १९८९ मध्ये सरकारने फेनोटेरॉल अनुदानित औषधांच्या यादीतून काढण्याचा निर्णय घेतला. वापर कोसळला आणि दम्याचे मृत्यू निम्म्यावर आले. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा वाढलेला वापरही याला कारण असेल, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. पण इतका झपाट्याने झालेला उतार केवळ त्याने उलगडत नाही. पीअर्स यांनी २००७ मध्ये या सगळ्या झगड्यावर एक पुस्तकच लिहिलं.

तर मग एकाच महिन्यातल्या दोन पुराव्यांचं नशीब वेगळं का? ‘कास्ट’ ही हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः आखलेली, स्वतः चालवलेली चाचणी होती. मोजणी त्यांचीच, त्यामुळे निकाल नाकारणं म्हणजे स्वतःलाच नाकारणं. फेनोटेरॉलचा पुरावा बाहेरून आला, तुलनेने तरुण मंडळींकडून आला, जुन्या केसपेपरांच्या कपाटांतून आला. आणि त्याने केलेला आरोप जास्त जिव्हारी लागणारा होता. ‘कास्ट’ म्हणत होती, ही औषधं पुढे देऊ नका. न्यूझीलंडचा लेख म्हणत होता, गेली तेरा वर्षं जे तुम्ही दिलंत त्याने माणसं गेली असावीत. ज्या डॉक्टरने त्या तेरा वर्षांत एखाद्या वीस वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही केली असेल, त्याच्यासाठी आकडेवारीतला हा दीडपट धोका फक्त आकडा राहत नाही. ज्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं त्याच हाताने अपाय झाला, हे मान्य करायला वैद्यकीय शिक्षणात कुठेही शिकवलेलं नसतं. या व्यवसायाच्या संथपणाचं सर्वांत खोल कारण ते आहे.

ब्रिटनमध्ये १९६४ साली औषधांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू झाली. ती उभी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. विल्यम इनमन, आयसोप्रेनलीनच्या लाटेचा मागही त्यांनीच काढला होता. डॉक्टर कार्डं का पाठवत नाहीत याची त्यांनी सात कारणं सांगितली. त्यांत आळस आहे, कोर्टाची भीती आहे, नुसत्या संशयावरून कळवलं तर हसं होईल हा संकोच आहे. आणि अपराधीपणाही आहे. २००६ मध्ये बारा देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा मध्यम अंदाज निघाला तो असा, की शंभरातले चौऱ्याण्णव दुष्परिणाम कळवलेच जात नाहीत.

अपाय सोडाच, औषधाचा उपयोग नाही हे सिद्ध झालं तरी ते दिलं जातं. डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे ‘डीईएस’, हे कृत्रिम संप्रेरक गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत गरोदर स्त्रियांना देत. १९५३ मध्ये शिकागोला सुमारे सोळाशे स्त्रियांवर नीट आखलेली चाचणी झाली, फायदा शून्य. पाठ्यपुस्तकांनी याची दखल घेतली, वापर कमी झाला, पण थांबला नाही. बाई आशेने आलेली असते, आधीचे दोन गर्भ पडलेले असतात, आणि ‘काहीच देऊ नका’ हा सल्ला डॉक्टरच्या तोंडून निघत नाही. १९७१च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुणी नोंदवल्या. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी ‘डीईएस’ घेतलं होतं. हा धागा हाती लागला तो एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नामुळे: मी घेतलेल्या त्या गोळ्यांमुळे तर हे झालं नसेल? अशा प्रश्नाला ‘छे, काहीतरीच’ असं उत्तर किती ठिकाणी मिळालं असेल, याची कल्पना करता येते.

पैशाबद्दल आता थोडक्यात. व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या २००० सालच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके तुलनेच्या औषधापेक्षा जास्त दिसले. तुलनेचं औषधच हृदयाचं रक्षण करत असावं, असा खुलासा पुढे आला आणि असंख्य डॉक्टरांनी तो स्वीकारला, कारण तो दिलासा देणारा होता. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध मागे घेतलं. भारतात त्यावर त्याच वर्षी डिसेंबरात बंदी आली. कंपनी नेहमी पुरावा लपवते असं नाही. पुष्कळदा ती एवढंच करते, की डॉक्टरला जे मानायला आवडेल त्याला एक सुबक कारण पुरवते.

भारतात तर यापुढची पायरी नोंदली गेली आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मध्ये औषध नियंत्रण यंत्रणेवर आपला एकोणसाठावा अहवाल दिला. नव्या औषधांना परवानगी द्यावी म्हणून वेगवेगळ्या शहरांतल्या नामांकित तज्ज्ञांनी पाठवलेली शिफारसपत्रं समितीने शेजारी शेजारी ठेवून वाचली. काही पत्रांतला मजकूर जवळजवळ शब्दशः एकच होता.

मुंबई आणि पुण्याच्या चळवळींना परिचित असलेलं प्रकरण म्हणजे जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन गोळ्यांचं. दिवस राहिलेत का हे पाहण्यासाठी त्या सर्रास दिल्या जात. इंग्लंडमध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी १९६७ मध्येच अशा चाचण्यांचा आणि बाळांतल्या पाठीच्या कण्याच्या व्यंगाचा संबंध असावा, असं लिहिलं होतं. तो संबंध कार्यकारणाचा होता का, यावर ब्रिटनमध्ये आजही वाद आहे. पण लघवीची साधी तपासणी उपलब्ध असताना गरोदर स्त्रीला संप्रेरकाचा जोरकस डोस देण्याची गरजच नव्हती, यावर वाद होऊ शकत नाही. भारतात १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी न्यायालयांतून स्थगिती आणली, स्त्री संघटना आणि लोकविज्ञानाचे कार्यकर्ते लढत राहिले, सार्वजनिक सुनावण्या झाल्या, आणि १९८८ साल उजाडल्यावर बंदी प्रत्यक्षात आली. ज्यांच्या पोटात त्या गोळ्या जात होत्या त्यांची बाजू मांडायला डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांपेक्षा कार्यकर्त्या जास्त संख्येने उभ्या होत्या.

डॉक्टरांचा विरोध प्रत्येक वेळी चुकीचा असतो, असं मात्र म्हणता येणार नाही. १८ जून २०१३ रोजी सरकारने मधुमेहावरच्या पायोग्लिटाझोनवर अचानक बंदी घातली. मूत्राशयाच्या कर्करोगाची भीती हे कारण. फ्रान्सने ते २०११ मध्ये थांबवलं होतं. देशभरच्या मधुमेहतज्ज्ञांनी आवाज उठवला: औषध स्वस्त आहे, गरीब रुग्णांना पर्याय महाग पडतील, पुरावा पक्का नाही. जुलै संपता संपता बंदी उठली आणि वेष्टनावर ठळक इशारा आला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मोठ्या अभ्यासात कर्करोगाच्या धोक्यात ठळक वाढ आढळली नाही, तर २०१६ मध्ये तिथल्या नियामकांनी धोका वाढत असण्याची शक्यता आहे असं सांगितलं. म्हणजे प्रश्न खरोखरच अवघड होता.

मग योग्य विरोध आणि हटवादी विरोध ओळखायचा कसा? एक कसोटी हाताशी आहे. पुराव्यावर आक्षेप घेणारा डॉक्टर ‘अमुक पद्धतीने पुन्हा मोजा, निकाल असा आला तर मी मानेन’ असं म्हणत असेल तर तो शास्त्राच्या बाजूने उभा आहे. तो फक्त आपल्या अनुभवाचा हवाला देत असेल, तर त्याचा अनुभव याबाबत काहीही सांगू शकत नाही, हे वर आकड्यांत पाहिलंच आहे. पायोग्लिटाझोनच्या वादात खटकलं ते हे, की या देशात कोट्यवधी मधुमेही असूनही आपल्या रुग्णांचा आपलाच हिशेब कोणाच्याही हातात नव्हता. बंदी घालणारे परदेशी आकडे दाखवत होते आणि बंदीला विरोध करणारे दवाखान्यातली आठवण. नायमेसुलाइडचंही तसंच. फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते थांबवलं, आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते फेब्रुवारी २०११ मध्ये बंद झालं. मधल्या काळात तापाने फणफणलेल्या लहान मुलांना ते सिरपमधून पाजलं गेलं, आणि त्यांतल्या किती जणांच्या यकृताला इजा झाली हे सांगणारी देशव्यापी नोंद हाताशी नव्हती.

महाराष्ट्रात अशी मोजदाद करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सातारा जिल्ह्यातला औषधांचा पुरवठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासून वापरातली किती औषधं अनावश्यक आहेत हे दाखवलं. जिल्हा पातळीवर, चिठ्ठी हातात घेऊन केलेलं असं काम आजही विरळा आहे. ते प्रत्येक जिल्ह्यात, दर काही वर्षांनी व्हायला हवं.

२०१० पासून भारतात औषध-सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रं आहेत. त्याचा अर्ज फार लांबलचक नाही. रुग्णाची आद्याक्षरं, वय, वजन; औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू केलं, कधी थांबवलं; काय झालं, औषध बंद केल्यावर त्रास थांबला का, पुन्हा दिल्यावर पुन्हा झाला का. औषधामुळेच झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी भरणाऱ्यावर नाही. संशय पुरतो. कळवलं म्हणजे चूक कबूल केली असाही त्याचा अर्थ घेतला जात नाही, आणि रुग्णाची ओळख गुप्त राहते. इथे बसलेल्या डॉक्टरांनी हा अर्ज दवाखान्यातल्या टेबलावर ठेवावा, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून महिन्याला निदान एक भरून घ्यावा, आणि मृत्यूवरच्या चर्चेत ‘आजार किती वाढला होता’ या प्रश्नाच्या आधी ‘रुग्ण काय काय घेत होता’ हा प्रश्न विचारावा. जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. फोन करताना औषधाची पट्टी हातात ठेवावी. तिच्यावरचा बॅच क्रमांक विचारला जातो.